अर्धी काच

थोरल्याने निळ्या टेपचे टोक काचेच्या वरच्या कडेला दाबून धरले, एक डोळा बारीक केला आणि पट्टी सरळ रेषेत खाली बॉनेटपर्यंत ओढत आणली. गाडीच्या पुढच्या काचेचे दोन सारखे भाग झाले. मग त्याने अंगठ्याने ती पट्टी वरपासून खालपर्यंत पुन्हा दाबत नेली, आणि तीही अशा जोराने, की पाहणाऱ्याला हा माणूस टेप चिकटवत नसून वाटणीची भिंत घालत आहे असे वाटावे.

"अहो, फोन वाजतोय तुमचा," बायको दुकानाच्या दारातून म्हणाली.

"वाजू दे."

"भावजींचा आहे."

"म्हणूनच म्हणतो, वाजू दे."

"कालही आला होता. एकदा उचलून तर बघा. चावत नाही फोन."

त्याने ओल्या हातानेच फोन घेतला आणि बाकावर पालथा घातला. लाकडावर तो थोडा वेळ गुरगुरला आणि मुकाट झाला.

"हात भरलेत माझे," तो म्हणाला.

"ते दिसतंच आहे. सकाळपासून शीळ घालताय तेही ऐकू येतंय. आपल्या लग्नातसुद्धा एवढे खुशीत नव्हतात."

तिचे म्हणणे खरे होते.

गाडी बाबांची होती आणि तिच्या पुढच्या काचेवरचा कोट धाकट्याने चढवलेला होता. धाकट्याचे दुकान याच रस्त्यावर, चौक ओलांडला की उजव्या हाताला. तिथे सगळे पांढरेशुभ्र. भिंती पांढऱ्या, उजेड पांढरा. काचेवर पाणी ठरू नये, धूळ बसू नये म्हणून तो तिच्यावर एक पारदर्शक लेप देई आणि मग गिऱ्हाइकासमोर नळीने पाणी सोडून दाखवी. थेंब गोल गोल होऊन पळत सुटत आणि माणसे आपल्याच गाडीचे फोटो काढीत. थोरल्याचा धंदा नेमका उलटा. जुने होऊन पांढरट पडलेले कोट, उन्हाने फुगलेल्या फिल्मा, त्यांच्याखाली उरलेला चिवट गोंद हे सारे काढून काच जशी मुळात होती तशी करून देणे. चढवणाऱ्याचे काम दिसते. उतरवणाऱ्याचे काम, ते चोख असेल तर, दिसतच नाही. या दोहोंत श्रेष्ठ कोणते, याविषयी वाद घालता येईल. थोरल्याने तो मनातल्या मनात पुष्कळदा घातला होता आणि दर वेळी जिंकलाही होता. पण गिऱ्हाईक वाद ऐकायला येत नाही, फोटो काढायला येते.

बाबा स्वतः जन्मभर गाड्यांच्या काचा बसवीत आले होते. दोघेही मुलगे त्यांच्याच हाताखाली शिकले. बाबांची स्तुती करण्याची रीत एकच होती. काम मनासारखे उतरले, की ते काचेपासून दोन पावले मागे सरत आणि म्हणत, "काच आहे की नाही, कळत नाही." हे वाक्य धाकट्याने विशीतच मिळवले. थोरल्याला ते अजून मिळायचे होते. त्याला मिळाले होते ते एक टोपणनाव. लहानपणी तो दुधाच्या पातेल्याशी बसून तळाची खरवड काढून खात असे, म्हणून बाबा त्याला 'खरवड' म्हणत. पुढे त्याच्या हातात गोंद खरवडायचे पाते आले आणि नाव कायमचे चिकटले.

बाबा थकले तेव्हा दुकान थोरल्याला मिळाले. मशीन, बाक, नळ, रस्त्यावरची मोक्याची जागा आणि जुनी गिऱ्हाइके, सगळे त्याच्याकडे आले. धाकट्याने आपले वेगळे मांडले. त्याच्या दुकानाच्या पहिल्या दिवशी मात्र बाबांनी इथल्या भिंतीवरून आपले लाकडी मुठीचे सक्शन काढले, ज्याने त्यांनी आयुष्यभर काचा उचलल्या होत्या ते, आणि धाकट्याच्या हातात दिले. धाकटा काचा उचलतच नव्हता. त्याने ते पांढऱ्या भिंतीवर टांगले आणि वर एक छोटा दिवा लावला. अख्खे दुकान आपल्याला मिळाले ही गोष्ट थोरला विसरला होता असे नव्हे. तो फक्त ती हिशेबात धरत नव्हता. त्याच्या हिशेबात भिंतीवरचा एक खिळा रिकामा होता.

इतकी वर्षे बाबांची संध्याकाळ धाकट्याच्या दुकानात जाई. तिथे त्यांची खुर्ची होती. धाकट्याच्या मुलीला पोहायला नेणे-आणणेही तेच करीत, याच गाडीतून. अलीकडे ते अचानक बंद झाले. बाबा चौकाच्या अलीकडेच थांबू लागले. इथल्या छपराखाली खुर्ची टाकून बसू लागले. आणि परवापासून त्यांनी थोरल्याच्या मुलीला पोहायला न्यायला सुरुवात केली. ती पुढच्या सीटवर, त्यांच्या शेजारी बसून जाई. थोरल्याने कारण विचारले नाही. विचारले तर हातात आलेले निसटेल असे त्याला वाटले असावे. एवढे मात्र खरे, की संध्याकाळी गिऱ्हाईक नसले तरी तो दुकान उघडे ठेवू लागला, कारण चौकातून जाणाऱ्यायेणाऱ्याला बाबांची खुर्ची आता कुठे आहे ते दिसत होते.

आणि आज सकाळी बाबा गाडी घेऊन आले ते खाली उतरता उतरताच म्हणाले होते:

"खरवड, या काचेवर जाळं धरलंय बघ. संध्याकाळी समोरचे दिवे फुटतात. फुटून पसरतात नुसते. तुझ्या भावाने काय फासलंय कोण जाणे. काढून टाक सगळं."

'फासलंय' हा शब्द थोरल्याने तेव्हापासून तोंडात धरून ठेवला होता. लेप देतात, कोट चढवतात. फासतात ते शेण.

त्याने बॉनेटवर जुनी चादर अंथरली, काचेभोवतीच्या रबरावर टेप लावली. डाव्या बाजूच्या आरशाची कड ताजी खरचटलेली दिसली. कुठल्या तरी खांबाला घासली असेल, त्याने स्वतःशी म्हटले आणि आरशावरही फडके गुंडाळले. मग काच साबणाच्या पाण्याने धुतली आणि नळी धरली.

पाणी काचेवर पडले आणि थेंब झाले. सगळीकडे सारखे, सारख्या आकाराचे. आणि एकही न रेंगाळता खाली धावले.

त्याने हातदिवा आणला. काचेच्या कडेला गाल टेकवून तिरप्या उजेडात पाहिले. जिथे कोट विरला असेल तिथे ठिगळ दिसते, जिथे पुसताना हात घाईत फिरला असेल तिथे ढगासारखा पुंजका दिसतो. त्याला ना ठिगळ दिसले ना पुंजका. त्याने रबराची कड नखाने किंचित उचलली. तिथे कोणी पाहत नाही. तिथवर कोट नेला काय आणि न नेला काय, गिऱ्हाइकाला जन्मात कळणार नाही. कोट तिथेही होता.

मत्सर आंधळा असतो असे म्हणण्याची पद्धत आहे. ती चुकीची आहे. मत्सराइतकी बारीक नजर दुसऱ्या कशालाच नसते. धाकट्याच्या कामाचे कौतुक करणाऱ्यांपैकी कोणीही ते इतक्या जवळून पाहिले नसेल, जितके त्या सकाळी थोरल्याने पाहिले; आणि त्याला जे दिसले ते त्याने एका क्षणात ओळखले. तिथेच हातदिवा खाली ठेवून त्याने बाबांना हाक मारायला हवी होती. त्याने हातदिवा खाली ठेवला, पण हाक मारली नाही. त्याऐवजी काच घासायची फिकट गुलाबी पूड पाण्यात कालवली, मशीनच्या तोंडावर जाड लोकरी नमद्याची चकती बसवली आणि सुरुवात केली.

सुरुवात नेहमी चालवणाऱ्याच्या बाजूने करायची हा बाबांचा नियम होता. ज्याला रस्ता बघायचा त्याची काच आधी. पण उजव्या बाजूला, चालवणाऱ्याच्या बरोबर नजरेसमोर, खडा लागून झालेला एक जुना डाग होता, कधी तरी आतून भरून घेतलेला. त्याच्याभोवती हात जपून फिरवावा लागणार होता, आणि तेवढा धीर आज थोरल्यात नव्हता. म्हणून त्याने डावी बाजू घेतली.

कोट निकृष्ट असता तर पहिल्याच फेरीत विरघळला असता. हा विरघळेना. काच तापू द्यायची नसते. एका जागी हात थांबला की तिथे ती पोखरली जाते आणि मग पलीकडचा रस्ता पाण्याखालून पाहिल्यासारखा वाकतो. म्हणून पाणी मारायचे, हात फिरता ठेवायचा, पुन्हा लगदा लावायचा, पुन्हा पाणी. थोरल्याच्या खांद्यात कळ उठली. गुलाबी पाण्याचे ओघळ चादरीवरून खाली गेले. बाबा छपराखाली खुर्चीत बसून होते. मांडीवर वर्तमानपत्र घडीचे घडीच होते.

"काय म्हणतो पेपर, बाबा?" सुनेने चहा देताना विचारले. एरवी ते तिला बातम्या वाचून दाखवीत, आणि बातमीपेक्षा त्यांची टीका लांब असे.

"काय म्हणणार? कालचंच आज," ते म्हणाले. "तूच वाच आणि सांग. मला मशीनचा आवाज ऐकू दे." थोडा वेळ त्यांनी कान दिला. "फार दाबतोयस, खरवड."

"निघत नाहीये पटकन."

"चिकट असेल. घाणेरडं काही वापरलं की असंच होतं."

'नाही, बाबा, उत्तम वापरलंय,' हे वाक्य थोरल्याच्या घशापर्यंत आले आणि चहाच्या घोटाबरोबर परत खाली गेले.

अखेरीस डावी बाजू उघडी झाली. त्याने पाणी सोडले. डावीकडे ते अखंड चादरीसारखे पसरले आणि तसेच चिकटून राहिले, कोऱ्या काचेवर पसरते तसे. उजवीकडे थेंब झाले आणि पळाले. त्याने दोन्ही बाजू कोरड्या पुसल्या, मधली पट्टी एका दमात उपटली, आणि मागे सरून उभा राहिला. रेषा सुतासारखी सरळ आली होती. कोरड्या काचेवर ती सहज दिसत नव्हती. पण नजर मुरलेल्या माणसाला दिसली असती. बाबांना तर नक्कीच.

इथेही बाबांचाच एक नियम होता. सबंध काच एकदम उतरवायची नाही. आधी अर्धी करायची, गिऱ्हाइकाला चालवणाऱ्याच्या जागी बसवायचे, कुठली बाजू बरी वाटते ते विचारायचे, आणि तो बोलेपर्यंत आपण तोंड उघडायचे नाही. फरक सांगायचा नसतो, दाखवायचा असतो. हा नियम थोरला प्रत्येक गिऱ्हाइकाला लावी. बाबांना तो लावू नये असे काही कारण नव्हते. उलट आज त्याला तो लावण्याची घाई झाली होती.

"बाबा, या. बसून बघा."

ते उठले. वाटेतल्या खांबाला हात लावला, मग बाकाला, मग बॉनेटच्या कडेला, आणि असे हाताहाताने ते गाडीच्या दाराशी पोचले. गुडघे, थोरल्याच्या मनात आले. ते आत बसले, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि हनुवटी वर केली.

"कुठली बाजू..."

"माहितीये रे, काय विचारायचं ते. मीच शिकवलंय तुला."

त्यांनी वेळ घेतला. इकडे पाहिले, तिकडे पाहिले. गिऱ्हाईक घेते त्याहून पुष्कळ अधिक वेळ घेतला. थोरला दाराशी वाकून उभा होता.

"ही," बाबा म्हणाले, आणि त्यांनी हात लांब करून समोरच्या काचेवर बोट टेकवले. "माझ्यासमोरची. अरे, काय काढली आहेस. काच आहे की नाही, कळत नाही."

थोरल्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. दारात उभ्या असलेल्या बायकोकडे त्याची नजर गेली. तिने ऐकले की नाही हे त्याला आधी पाहायचे होते. तिने ऐकले होते. ती हसतही होती. मग कुठे त्याला ते बोट दिसले. ते उजव्या बाजूला होते. जी त्याने केली नव्हती, त्या बाजूला.

बाबा थट्टा करीत असतील, असे त्याला वाटले. तशी त्यांची सवय होती.

"आणि ती बाजू?" त्याने विचारले.

"ती राहिलीये ना अजून तुझी. जाळं सरळ दिसतंय. धुरकट नुसती. त्याचं काम."

रस्त्यापलीकडच्या टायरवाल्याने आपल्या दुकानातून हात वर केला. बाबांनी कोणाचा नमस्कार कधी फुकट जाऊ दिला नव्हता. गाडी चालवतानाही ते स्टिअरिंगवरचा एक हात सोडून उत्तर देत, आणि त्यावरून आईची बोलणी खात. आता ते टायरवाल्याकडे तोंड करून बसले होते आणि त्यांचे हात जागचे हलले नाहीत.

"काय हो काका," तो ओरडला, "नव्या काचेतून आम्ही दिसेनासे झालो की काय?"

"तू कसला दिसेनासा होतोस," बाबा ओरडले, तत्काळ, आवाजाच्या रोखाने मान वळवून. "टायरएवढं पोट घेऊन."

टायरवाला हसला. बाबाही हसले. थोरला हसला नाही. बाबांचे बोट अजून काचेवर होते, आणि बोटाच्या अगदी शेजारी, तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर, तो खड्याचा डाग होता.

"बाबा," तो हळू म्हणाला, "मी डावीकडून सुरुवात केलीये."

बोट काचेवरून उतरले.

"का? चालवणाऱ्याच्या बाजूने करायचं असतं."

"तुमच्या समोर खड्याचा डाग आहे. तो जपून करायचा होता."

"कुठे आहे डाग?"

बाबांनी मान पुढे केली, मागे केली, थोडी तिरपी केली. मग त्यांनी ती वळवणे थांबवले आणि हात मांडीवर घेतले. बायको दारातून आत निघून गेली. तिला आत काही काम नव्हते.

"त्याने पाहिली होती का काच?" थोरल्याने विचारले.

"पाहिली."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, काचेत काही नाही." बाबांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा काढून पुसला आणि परत लावला. "पुन्हा नेली तेव्हाही तेच. दिवा धरून दाखवलंन. डॉक्टरकडे चला म्हणाला, मोतीबिंदू असेल, साधी गोष्ट आहे. चावी द्या म्हणाला. त्याच्या पोरीला माझ्याबरोबर पाठवायचं बंद केलंन. माझ्या तोंडावर सांगितलंन, बाबा, आता नाही पाठवणार." ते थांबले. "मग मी जायचं बंद केलं."

थोरल्याने काच पुसलेले फडके उचलले, त्याची घडी घातली, मोडली आणि पुन्हा घातली. खरचटलेला आरसा डाव्या बाजूचा होता. त्याची मुलगी त्याच बाजूला बसे, आणि काच खाली करून कोपर बाहेर काढी. कितीदा सांगितले तरी काढी. बाकावरचा फोन पालथाच होता.

"आणि मग माझ्याकडे आलात," तो म्हणाला.

"हो."

"मी काय सांगेन असं वाटलं होतं तुम्हाला?"

बाबांनी स्टिअरिंगवरची नसलेली धूळ तळव्याने पुसली.

"तू त्याच्या कामात खोट काढशील असं वाटलं," ते म्हणाले. "तू काढतोसच."

हे त्यांनी रागाने म्हटले असते तर बरे झाले असते. रागाला उत्तर देता येते. त्यांनी ते अशा स्वरात म्हटले, ज्या स्वरात माणूस हत्याराचा गुण सांगतो, की हे पाते अमुक जागी चांगले चालते. इतके दिवस छपराखाली दिसणारी ती खुर्ची, चौकातून जाणाऱ्यांनी पाहावी म्हणून उघडे ठेवलेले दुकान, सकाळची शीळ, सगळे थोरल्याच्या डोळ्यांसमोरून गेले, आणि त्याला शरम वाटली. शरमेच्या खालोखाल त्याला जे वाटले त्याचे मात्र त्यालाच नवल वाटले. त्याला धाकट्याचा हेवा वाटला. आपण चहाच्या घोटाबरोबर गिळले ते त्याने बाबांच्या तोंडावर सांगितले होते. खुर्ची रिकामी होणार हे ठाऊक असून सांगितले होते. इथेही तो आधी पोचला होता.

"उरलेला काढतोस ना?" बाबांनी विचारले.

"नाही."

"का?"

थोरल्याने दाराच्या कडेवर हात ठेवला.

"चांगला आहे तो," तो म्हणाला. "मी सकाळीच पाहिलं होतं. कडेपर्यंत चांगला आहे. एवढं काम मलाही जमलं नसतं."

बाबा त्याच्याकडे पाहत राहिले. म्हणजे त्यांचे तोंड त्याच्याकडे होते.

"मग संध्याकाळी पोरीला..."

"मी नेईन."

"आणि मी काय करू?"

"तुम्ही शेजारी बसा. शिव्या द्या रस्त्यावरच्यांना. नाही तरी निम्मं काम तेच असतं तुमचं."

बाबांना हसू आले नाही, पण ते येण्याच्या बेतात होते, असे ओठांवरून वाटले. त्यांनी खिशात हात घातला. चावी त्या जुन्या चामडी पट्टीत होती. ती त्यांनी मुठीत धरून ठेवली, जणू तिचे वजन किती आहे ते त्यांना आजच पाहायचे होते. मग दाराकडे मूठ पुढे केली आणि उघडली. थोरल्याने चावी घेतली तेव्हा ती गरम होती.

बाबांना पलीकडच्या सीटवर बसवून तो स्वतः त्यांच्या जागी बसला. निघताना बायको दारात आली. तिने बाकावरचा फोन उचलून त्याच्या हातात दिला, आणि तोही पालथा नव्हे, सुलटा.

रस्ता दुपारचा होता, मोकळा. थोरला धाकट्याच्या काचेतून पाहत होता. समोरचा खांब, खांबावरची तार, तारेवर बसलेला कावळा, कावळ्याची उघडी चोच, सगळे जसे होते तसे दिसत होते. कुठे काही फुटत नव्हते, पसरत नव्हते. त्याने काच धुण्याचे बटण दाबले. पाण्याची चूळ दोन्हीकडे उडाली. बाबांच्या समोर ती पसरून राहिली आणि वायपरने ती पुसून नेली. त्याच्या समोर वायपर पोचायच्या आतच थेंब पळून गेले होते.

"कसं दिसतंय?" बाबांनी विचारले.

"काच आहे की नाही, कळत नाही," थोरला म्हणाला.

चौक ओलांडल्यावर त्याने गाडी उजवीकडे घेतली.

"इथे कशाला?"

"निम्मा मी खरवडलाय. तो आता पुन्हा चढवायला लागेल. ते मला येत नाही."

धाकटा बाहेर आला. हातात पांढरे फडके, पायात पांढरे बूट. त्याने आधी बाबांकडे पाहिले नाही, भावाकडे पाहिले नाही. त्याची नजर सरळ काचेवर गेली. वाकून त्याने अंगठा डाव्या बाजूवरून फिरवत मध्यापर्यंत आणला आणि जिथे रेषा होती नेमका तिथेच थांबवला. थोरला आतून तो अंगठा पाहत होता. मग तो उतरला.

"निम्मा काढलास," धाकटा म्हणाला.

"हो."

"कसा निघाला?"

"निघत नव्हता."

धाकट्याचे ओठ किंचित हलले. त्याने ते लगेच आवरले आणि सरळ उभा राहिला. "फोन करत होतो तुला. बाबांच्या..."

"कळलं मला."

"कोणी सांगितलं?"

"त्यांनीच."

धाकट्याने गाडीत पाहिले. बाबा डावीकडच्या सीटवर, हात मांडीवर घेऊन. चालवणाऱ्याची सीट रिकामी. मग त्याची नजर थोरल्याच्या हाताकडे आली, त्या चामडी पट्टीकडे.

"तुला दिली चावी?" तो म्हणाला.

थोरल्याने मूठ मिटली.

"मी किती वेळा मागितली," धाकटा म्हणाला. "हातापाया पडायचाच बाकी राहिलो होतो. तुला लगेच दिली?"

हा आवाज थोरल्याच्या ओळखीचा होता. फार जुनी ओळख होती. फक्त त्याने तो आजवर बाहेरून कधी ऐकला नव्हता. त्याने भावाच्या खांद्यावरून आत पाहिले. पांढऱ्या भिंतीवर ते लाकडी मुठीचे सक्शन होते, वर दिवा लागलेला होता. मूठ जिथे बाबांचा अंगठा बसे तिथे झिजून काळी पडली होती. तिच्यावर धूळ नव्हती. कोणी तरी ती रोज पुसत होते.

"मागितली नाही मी," थोरला म्हणाला. "त्यांनीच दिली."

हे भावाला बरे वाटावे म्हणून आपण म्हटले की त्याला लागावे म्हणून, हे त्याला स्वतःलाही सांगता आले नसते. धाकट्याने मान खाली घातली आणि हातातल्या फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

गाडीत बाबांचा हात दाराच्या कडीसाठी चाचपडू लागला. तो खिडकीच्या मुठीवर गेला, तिथून हात टेकायच्या जागेवर, तिथून परत. दोघेही भाऊ एकदमच त्या बाजूला वळले. थोरला जवळ होता. दोन पावलांत तो दाराशी पोचला असता. तो मध्येच थांबला, खाली वाकला आणि पायातल्या चपलेचा पट्टा, जो सैल झालेला नव्हता, नीट करू लागला.

धाकटा त्याच्या जवळून पुढे गेला. दार उघडल्याचा आवाज आला, मग धाकट्याचा, "सावकाश, बाबा. पायरी आहे इथे."

थोरला वाकलेलाच राहिला. चावी मात्र त्याने मुठीतून सोडली नव्हती.